'गाडी पाठवतो, उचलून नेतो' याला हो म्हणण्याआधी

मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्री साडेबाराला आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी दाराची बेल वाजवली. अंगावर गाऊन, खांद्यावर घाईघाईत घेतलेली ओढणी, हातात चालू फोन. फोनची खालची बाजू तळव्यानं दाबून त्या कुजबुजल्या, "ताई, जरा तुम्ही बोला ना या व्यसनमुक्ती केंद्रवाल्यांशी. म्हणतायत, आत्ता गाडी पाठवतो, चार जण येतील, पोराला झोपेतच उचलून नेतील. पंचवीस हजार लगेच टाकायचे, बाकीचं नंतर."

त्यांचा मुलगा चोवीस वर्षांचा, महापेला कामाला. त्या दिवशी मशीनला लावायच्या जीन्सच्या खिशात त्यांना प्लॅस्टिकच्या चिमुकल्या पिशव्या सापडल्या होत्या. नव्या शर्टाबरोबर जादा बटणं येतात ना, तेवढ्या. आधी त्यांना त्या बटणांच्याच वाटल्या. मग एकीच्या कोपऱ्यात मिठासारखी पांढरी कणी दिसली. रात्र रात्र जागणं, बसलेले गाल, जेवणावरून उठून जाणं, आईवरच संशय घेणं, गेल्या चार महिन्यांत जे जे खटकत होतं त्या सगळ्याचा अर्थ त्यांना एकदम लागला.

मी फोन घेतला आणि विचारलं, "तुमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ कोण आहेत? केंद्राचा नोंदणी क्रमांक सांगता का?" पलीकडचा म्हणाला, "मॅडम, पेशंट बरा करायचाय की चौकशी करायचीय?" आणि त्यानं फोन ठेवला.

त्या रात्री वहिनींना जे सांगायला हवं होतं ते मला धड सलग सांगता आलं नाही. ते इथे लिहिते आहे. कळवा, मुंब्रा, घोडबंदर, ऐरोली, कोपरखैरणे, कुठल्याही घरात अशी रात्र येऊ शकते, आणि त्या रात्री माणूस फोनवर जो पहिला नंबर दिसेल तो लावतो.

बातमीतला माल आणि खिशातली पुडी

ठाणे-नवी मुंबईच्या पानावर 'एमडीसह दोघे अटकेत' ही बातमी आता नवी वाटत नाही. आपल्याकडेच हे इतकं का, याची काही कारणं नकाशातच दिसतात. न्हावा शेवा बंदर हाकेच्या अंतरावर आहे. नाशिककडे, गुजरातकडे आणि पुण्याकडे जाणारे हमरस्ते इथूनच फुटतात. २०२२च्या सप्टेंबरअखेरीस वाशीत संत्र्यांच्या खोक्यांतून १९८ किलो मेथॅम्फेटामिन आणि ९ किलो कोकेन पकडलं गेलं. त्यानंतर काहीच दिवसांनी न्हावा शेवाला हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमध्ये ५० किलो कोकेन सापडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकानं नालासोपाऱ्यात ७०० किलोंहून जास्त एमडी धरलं होतं.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. अफूला शेत लागतं, गांजाला शेत लागतं, एमडीला लागत नाही. ते रसायनांतून तयार होतं, म्हणून एखादं बंद पडलेलं युनिट भाड्यानं घेऊन ते बनवणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा सापडल्या आहेत. फेब्रुवारी २०१५ पर्यंत हा पदार्थ आपल्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीतही नव्हता. स्वस्तात, सहज आणि 'हे काही गर्द नव्हे' अशा समजुतीसह तो पोरांपर्यंत पोचला, त्यात या उशिराचाही हात आहे.

पण शेकडो किलोंच्या बातम्या वाचून आपण नको तिकडे बघत राहतो. तो माल बहुतेकदा इथून पुढे जाणारा असतो. घरात येते ती ग्रॅम-दीड ग्रॅमची पुडी, खोकल्याच्या औषधाची बाटली, किंवा 'बटन' म्हणून विकली जाणारी झोपेची गोळी. आणि या सगळ्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त घरांत येते ती दारू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे. दारूशिवाय राहू न शकणाऱ्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलाही उपचार मिळतो. टीएमटीच्या बसमध्ये जागा मिळून बसलेले सगळे प्रवासी डोळ्यांपुढे आणा. त्यातला एक जण दवाखान्याच्या थांब्यावर उतरला, बाकीचे तसेच पुढे गेले.

'मनावर घेतलं तर सुटेल' हे पुरेसं का नाही

गणपतीत मंडळाच्या स्पीकरच्या भिंतीपुढे तासभर उभं राहून घरी आलात की काय होतं? आई स्वयंपाकघरातून हाक मारते, ती ऐकूच येत नाही. आईचा आवाज लहान झालेला नसतो, कान बधिर झालेले असतात. मेंदूतल्या आनंदाच्या यंत्रणेचं असंच होतं. चांगलं जेवण, मित्राची थाप, पगाराचा मेसेज, यानं मेंदूत डोपामिन नावाचं रसायन थोडं थोडं झरतं आणि बरं वाटतं. नशेचा पदार्थ तिथे स्पीकरची भिंत उभी करतो. मेंदू स्वतःला वाचवायला आपले 'कान' बंद करू लागतो. मग तेवढ्याच नशेनं भागत नाही, आणि नशा नसताना तर काहीच गोड लागत नाही. बायकोचं बोलणं, लेकीचा वाढदिवस, काहीही आतपर्यंत पोचत नाही. त्या माणसाचं आपल्यावर प्रेम उरलं नाही, असं घरच्यांना वाटतं. खरं तर त्याला ते ऐकूच येत नसतं.

स्पीकर बंद झाला तरी कान मोकळे व्हायला वेळ लागतो. मेंदूच्या बाबतीत हा वेळ आठवड्यांचा आणि महिन्यांचा आहे. 'दहा दिवसांत गॅरंटी' देणारा खोटं बोलतो आहे, हे इथेच समजून घ्यावं.

एकदम बंद केलं तर?

आमच्या खारेगावच्या काकांनी एका वर्षी गणपतीत ठरवलं, पाच दिवस थेंब नाही. नेम कडक पाळला. रोजची पाऊण बाटली एका दिवसात शून्यावर आणली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला त्यांच्या हातातलं निरांजन इतकं थरथरत होतं की तूप ताम्हनात सांडलं. तिसऱ्या दिवशी ते भिंतीवरच्या मुंग्या झटकू लागले. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. अंग तापलेलं, घामानं भिजलेलं. घरातल्या मोठ्यांना वाटलं, पूजेत काही चुकलं. कोणी नारळ उतरवून टाकला. रात्री त्यांना फिट आली तेव्हा कुठे रिक्षा बोलावली. काका वाचले. पण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या होत्या, "काल का नाही आणलंत?"

रस्सीखेच आठवा. दारू मेंदूला रोज एका बाजूला ओढते, म्हणजे मंद करते. मेंदू तोल सांभाळायला उलट बाजूनं जोर लावतो. वर्षानुवर्षं हे चालतं. मग दारूनं दोर अचानक सोडला की मेंदू सगळ्या जोरानिशी उलटा कोसळतो. थरथर, घाम, धडधड, झोप उडणं, फिट, भास. पदार्थ बंद केल्यावर शरीर जो असा उठाव करतं त्याला डॉक्टर विड्रॉवल म्हणतात, गर्दवाले 'टर्की' म्हणतात. दारूच्या बाबतीत फिट साधारण पहिल्या दोन दिवसांत येते, आणि तापासह भ्रम दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास. योग्य उपचार नसतील तर यात माणूस जातो. झोपेच्या गोळ्या अचानक थांबवल्या तरी फिट येऊ शकते.

गर्दची म्हणजे हेरॉइनची टर्की दिसायला भयंकर असते. जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, पोटात पीळ, हाडं मोडल्यासारखं अंग दुखणं. पण एरवी धडधाकट माणूस सहसा त्यानं मरत नाही. तिथे जिवाचा धोका नंतर आहे. महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सवय उतरलेली असते, आणि बाहेर येऊन माणूस जुन्याच मापानं घेतो. ते माप आता त्याला पेलत नाही, श्वास थांबतो. घरच्यांना हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं. सांगितलं जात नाही.

एमडी थांबवल्यावर दोन-तीन दिवस माणूस नुसता झोपतो, खा-खा करतो, आणि मग मन खोल गर्तेत जातं. आत्महत्येचे विचार येण्याचा हा काळ असतो. 'आता शांत झोपलाय, बरं वाटतंय' म्हणून घरचे निर्धास्त होतात ते नेमके याच दिवसांत.

म्हणून पहिला प्रश्न 'कुठलं केंद्र?' हा नाही. काय घेतो, किती घेतो, शेवटचं कधी घेतलं, हे तीन प्रश्न आधी. त्यांची उत्तरं एका कागदावर लिहून डॉक्टरकडे जायचं. खोलीत कोंडणं हा उपचार नाही, मग ती खोली घरातली असो की महिना तीस हजार घेणाऱ्या केंद्रातली.

पण मग पोलिसांत नाव जाईल ना?

वहिनींचा पहिला प्रश्न हाच होता. मुलगा नोकरीला, पासपोर्टचा अर्ज केलेला. भीती खरी आहे, म्हणून कायदा नीट सांगते.

१९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात सेवन हा गुन्हा आहे. कलम २७ प्रमाणे पदार्थानुसार सहा महिने ते एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. पण त्याच कायद्यात ६४-अ नावाचं कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या पदार्थाचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत स्वतःहून उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. अल्प प्रमाण म्हणजे किती, तेही ठरलेलं आहे. मेफेड्रोनसाठी २ ग्रॅम, गांजासाठी १ किलो. विकणाऱ्याला हे संरक्षण नाही.

आणि डॉक्टर? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था आजारांत धरल्या आहेत, आणि रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. ओपीडीत केसपेपर काढला म्हणून कोणी पोलिसांना फोन करत नाही.

मेंटल हॉस्पिटलला जायचं? लोक काय म्हणतील?

ठाण्यात वाढलेल्या प्रत्येकानं शाळेत 'तुला ठाण्याला टाकायला हवं' हा टोमणा ऐकलेला असतो. १९०१ साली उभं राहिलेलं आपलं प्रादेशिक मनोरुग्णालय त्या टोमण्याखाली दबून गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिथे रोज ओपीडी चालते, मानसोपचारतज्ज्ञ बसतात, आणि तपासून घेऊन घरी परत जाणारे रुग्णच तिथे जास्त असतात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कळव्याचं पालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाण्याचं जिल्हा रुग्णालय, वाशीचं नवी मुंबई पालिकेचं रुग्णालय, यातलं जे जवळ असेल तिथे आधी मानसोपचार विभागाची चौकशी करावी. सकाळी लवकर जावं, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्यावीत.

सरकारी दाराकडे पाऊल वळत नसेल तर फोनपासून सुरुवात करा. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे. जिल्ह्यातल्या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांची माहितीही तिथे विचारा, त्या केंद्रांत उपचार मोफत असतात. १४४१६ हा टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी मदत क्रमांक, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. १९३३ वर अमली पदार्थांच्या विक्रीबद्दल स्वतःचं नाव न सांगता कळवता येतं. फिट, भ्रम, न उठणं, श्वास मंदावणं, यात फोनवर चर्चा नको. १०८ ला फोन करा, नाही तर मिळेल ती रिक्षा पकडून सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयात.

स्वयंसेवी कामाची इथली परंपराही मोठी आहे. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचे गट, यांचं काम भारतात १९५७ पासून चालतं. त्यांच्या सभांना पैसे लागत नाहीत, आडनाव विचारत नाहीत, आणि मराठीतल्या सभा आपल्या भागातही भरतात. मी एकदा खुल्या सभेला गेले होते. शाळेच्या वर्गातल्या छोट्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं, एक बँकेतले, एक रिक्षाचालक, एक माजी मुख्याध्यापक. प्रत्येक जण फक्त 'आजचा दिवस' म्हणत होता.

केंद्र पारखायचं कसं?

दाखल करण्याची वेळ आलीच, म्हणजे घरी राहून जमत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तर शोध सुरू होतो. फोनवर 'नशामुक्ती केंद्र ठाणे' टाकलं की सगळ्यात वर जे येतं ते बहुधा पैसे देऊन वर आणलेलं असतं, त्याच्याजवळ बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. पलीकडे फोन उचलणारा केंद्रातलाच असेल असं नाही. रुग्ण मिळवून देण्याचे पैसे घेणारा मध्यस्थही असू शकतो. अशा माणसाला तुमचा मुलगा काय घेतो याच्याशी कर्तव्य नसतं, खाट भरायची असते.

२०१७च्या कायद्यानुसार अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. म्हणून पहिली मागणी: नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा. व्हॉट्सअॅपवरचा फोटो नको, भिंतीवरचं हवं, तारीख वाचून. दुसरी गोष्ट, मानसोपचारतज्ज्ञ कोण, आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री फिट आली तर काय करता. उत्तर देताना समोरचा अडखळला तर तिथून निघा. तिसरी, राहण्याची जागा आतून दाखवता का? 'इतर पेशंटची प्रायव्हसी' हे कारण काही अंशी बरोबर आहे, पण स्वयंपाकघर, संडास आणि रिकामी खाट दाखवायला काय हरकत?

फोनवर बोलता येईल का, भेटायला कधी यायचं, हेही विचारा. भेटीगाठी आणि फोन हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे. 'पहिला महिना घरच्यांचं तोंड बघायचं नाही' हा नियम कायद्यात कुठेच नाही. साखळीनं बांधणं कायद्यानं पूर्ण बंद आहे. सक्तीनं टक्कल करता येत नाही, स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. मारहाण म्हणजे उपचाराचा भाग, असं सांगणारी केंद्रं आहेत आणि ते पटवून घेणारे पालकही आहेत. 'थोडा मार बसला तरच सुधारेल' हे वाक्य मी सुशिक्षित घरांत ऐकलं आहे. मार खाऊन माणूस नशा लपवायला शिकतो, एवढंच.

पैशांचंही बोलून घ्या. पावती मागा. औषधं, तपासण्या वेगळ्या लावता का, मधेच घरी नेलं तर किती परत देता, ते लिहून घ्या. आरोग्य विम्यावर विसंबू नका. मानसिक आजारांना विमा देणं कंपन्यांना बंधनकारक आहे, पण व्यसनावरच्या उपचारांना वगळणारं कलम बऱ्याच पॉलिसींत असतं. आधी ते शोधून वाचा.

तो तयारच नसेल तर उचलून न्यायला नको?

ही खरी अडचण आहे, आणि तिला सोपं उत्तर नाही. कायद्यानं संमतीशिवाय दाखल करण्याची वाट ठेवली आहे, पण ती अरुंद आहे. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, तशी धमकी देत असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याच्या वतीनं ठरलेल्या व्यक्तीनं अर्ज करायचा. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक मानसिक आरोग्य तज्ज्ञ किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, आणि याची माहिती रुग्णहक्कांवर देखरेख करणाऱ्या मंडळाला द्यायची. रात्री येणाऱ्या चार पोरांत डॉक्टर एकही नसतो. तपासणीवाचून झोपेतून माणूस उचलणं हा बेकायदा प्रकार आहे. आणि त्यानंतर तो मुलगा आईच्या घरात निवांत झोपू शकेल का, हाही विचार करा.

त्याऐवजी जे छोटं दार उघडं असेल तिथून शिरा. व्यसन मान्य नसलेला माणूस झोप लागत नाही हे मान्य करतो, छातीत धडधडतं हे मान्य करतो. त्यासाठी डॉक्टरकडे चल म्हटलं तर बरेचदा येतो. नशेत असताना बोलू नका, सकाळी बोला. आणि तो येत नसला तरी तुम्ही जा. घरच्यांनी एकट्यानं समुपदेशकाकडे जायला कोणाचीच मनाई नाही.

त्याला न सांगता औषध द्यायचं का?

लोकलच्या डब्यात खिडकीशेजारी चिकटवलेले कागद सगळ्यांनी पाहिलेत. 'दारू सोडवा, रुग्णाच्या नकळत.' भाजीत, चहात मिसळायची पूड. यातल्या काही पुड्यांत नुसती भुकटी असते. पण त्यात डायसल्फिराम हे औषध असेल तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. दारू पोटात गेल्यावर यकृत तिचं आधी एका विषारी द्रव्यात आणि मग निरुपद्रवी द्रव्यात रूपांतर करतं. हे औषध ती दुसरी पायरी अडवतं. नळ चालू आणि मोरी तुंबलेली. विष साचतं, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो. औषध वाईट नाही. माहीत असलेल्या, तयार असलेल्या माणसाला डॉक्टरच्या देखरेखीखाली ते उपयोगी पडतं. नकळत दिलं तर हृदयाचा त्रास असलेला माणूस पहिल्याच ग्लासाला कोसळू शकतो.

बाहेर आला की परत घेतो, मग एवढा खर्च कशाला?

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकते, बहुतेक काकांच्या वयाच्या माणसांकडून. उपचारांनंतर पुन्हा घसरण्याचं प्रमाण अमेरिकेच्या व्यसनांवरच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेनं ४० ते ६० टक्के दिलं आहे. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांचं पथ्य-औषध सुटून त्रास पुन्हा उफाळण्याचं प्रमाणही जवळपास तेवढंच आहे. दिवाळीत फराळ खाऊन साखर वाढली म्हणून आपण बाबांना 'गोळ्यांवर पैसे वाया गेले' म्हणत नाही. डोस बदलतो, पुढच्या तारखेला नेतो.

केंद्रातला महिना म्हणजे पाय मोडल्यावरचं प्लास्टर आहे. चालायला शिकणं प्लास्टर निघाल्यावर सुरू होतं, ते घरातच, जुन्या रस्त्यांवर. त्याच नाक्यावरून ऑफिसला जायचं, तेच मित्र, पगाराची तीच एक तारीख. म्हणून केंद्र निवडताना मी तर सगळ्यात जास्त भार एका प्रश्नावर देईन: घरी सोडल्यावर पुढचं वर्षभर तुम्ही काय करता? दर आठवड्याची भेट, गट, घरच्यांशी बोलणं, तलफ आली तर फोन कोणाला करायचा, याचं ठोस उत्तर देणारं साधं केंद्र हे एसी खोल्यांच्या केंद्रापेक्षा मोलाचं. दारूसाठी तलफ कमी करणारी औषधं आहेत. गर्दसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं डॉक्टर काही महिने, कधी वर्षं देतात. 'एक नशा सोडून दुसरी लावली' असं लोक त्याला म्हणतात. पण मोजून, वेळेवर, डोळ्यांदेखत घेतलेल्या गोळीवर माणूस कामाला जातो, सुई आणि पुडी सुटते. एमडीसाठी अशी ठरलेली गोळी नाही. तिथे समुपदेशन, झोप, दिनक्रम आणि उदासीवरचे उपचार यांवरच भिस्त असते.

आणि शब्द. बेवडा, गर्दुल्ला, चरसी. आपल्या भाषेत हे शब्द किती सहज येतात! स्टेशनच्या पुलाखाली बसलेल्या पोरांकडे बघून आपण ते घरात मोठ्यानं बोलतो, आणि आतल्या खोलीत आपलाच मुलगा ते ऐकत असतो. मग सांगायचं ठरवलं तरी त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

वहिनींकडे पुढे काय झालं

त्या रात्री गाडी आली नाही. वहिनींनी पिशव्यांचा विषय दोन दिवस काढला नाही. तिसऱ्या सकाळी चहा देताना एवढंच म्हणाल्या, "झोप नाही रे तुला. चल, दाखवून येऊ." तो आधी चिडला, मग आंघोळीला गेला. ओपीडीत डॉक्टरांनी आईला थोडा वेळ बाहेर बसवलं. वीस मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दोन गोळ्यांची चिठ्ठी आणि पुढच्या मंगळवारची तारीख होती. दाखल व्हायची गरज नाही असं डॉक्टरांचं मत पडलं. चार मंगळवार झाले. एक चुकला, आणि त्या आठवड्यात त्यानं एकदा घेतलंही. ते त्यानंच आईला सांगितलं, रात्री, गॅलरीत उभं राहून.

केसपेपर वहिनींनी रेशनकार्डाच्या फोल्डरमध्ये ठेवला आहे. परवा जिन्यात भेटल्या, भाजीची पिशवी पायरीवर टेकवून म्हणाल्या, "ताई, ती घरच्यांसाठी मीटिंग असते म्हणाला होतात ना, ती किती वाजता असते?"